मामांची युनियन

दिलीपच्या मामांना वाळवंटात एकटं सोडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्यांनी तिथल्या उंटांची युनियन काढून दाखवली असती. अमेरिकेत बस बनवायच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली, त्यातली बरीचशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून. कारखाना बंद पडला, तेव्हा भाच्याने ओळखीने इकडे कुवेतमध्ये, अम्गऱ्यातल्या एका वर्कशॉपवर काम लावून दिलं आणि मामा आमच्या जाब्रियाच्या फ्लॅटवर राहायला आले.

पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मीटिंग लावली. फ्लॅट दिलीपच्या नावावर, म्हणून सख्खा भाचा झाला मॅनेजमेंट आणि मॅनेजमेंटला मत नाही. मी, रत्नागिरीचा सलीम आणि मामा झालो कामगार. तेव्हापासून आमटीत गूळ घालायचा की नाही हेही हात वर करून ठरायला लागलं. बाथरूमला नंबर सीनियॉरिटीने, जो आधी राहायला आला तो आधी. त्यामुळे मामाच सगळ्यात शेवटी, खांद्यावर टॉवेल टाकून पोट धरून उभे. "मामा, जावा की आधी," सलीम म्हणायचा. "नियम आज मी मोडला की उद्या साहेब मोडतो," असं म्हणून मामा पाय बदलायचे. प्रतिनिधीची निवडणूक गुप्त मतदानाने झाली. उमेदवार एकटे मामा, तरी एक मत विरोधात पडलं. कोणाचं ते त्यांनी लगेच ओळखलं, कारण त्यांची नक्कल घरात मीच करायचो. चष्मा नाकावर, बोट वर, आवाज जाड: "ठरावाच्या बाजूने कोण, बाबांनो?" सलीम हसून लोळायचा. मामा उठून बाल्कनीत जायचे.

एका शुक्रवारी मी नव्या सिमवरून दिलीपला त्याच्या इजिप्तच्या, म्हणजे मिसरी साहेबाच्या आवाजात फोन केला आणि सुट्टीच्या दिवशी ऑफिसला पळवलं. आवाज इतका झकास जमला होता की कुलूप बघूनही तो दारात साहेबाची वाट बघत थांबला. शेवटी खऱ्या साहेबाला फोन लावला, तेव्हा सगळं उघड झालं. परत आल्यावर मला म्हणाला, "बॅग भर." माझी नोकरी नवी, पहिला पगारही व्हायचा होता, अख्ख्या कुवेतमध्ये दुसरं दार ओळखीचं नव्हतं. आणि माझा प्रतिनिधी कोण, तर मामा.

मामांनी चष्मा पुसला. "दिलीप, याला आधी कधी समज दिली होतीस?"

"तुम्ही याची बाजू घेताय? हा तुमची टर उडवतो, मामा."

"उडवतो. तीही रद्दी उडवतो. समज दिली होतीस का?"

"नाही."

"सलीमने तुझी गाडी ठोकली, तेव्हा त्याला काढलंस?"

"माझं नाव कशाला आता," सलीम पुटपुटला.

"मग याला पहिल्याच चुकीला घराबाहेर कसं काढतोस? शिक्षा कर, पण चुकीएवढी."

शेवटी मला महिनाभर बाथरूम धुवायची शिक्षा झाली. मामांनी तीही भांडून पंधरवड्यावर आणली.

जेवताना मी म्हटलं, "मामा, मी तर तुमच्या विरोधात मत दिलं होतं."

"तिकडे युनियनची वर्गणी बुडवणाऱ्यांच्याही केसेस लढलोय, मनात शिव्या देत," मामा म्हणाले. "आवडत्यांसाठीच भांडतो तो दोस्त, प्रतिनिधी नव्हे. आणि माझा आवाज तू फार जाड काढतोस."

मामा आता मुलीकडे अमेरिकेत परत गेलेत. त्यांची जागा मला मिळाली, बिनविरोध. शुक्रवारी मीटिंगला मी बोट वर करतो आणि विचारतो, "ठरावाच्या बाजूने कोण, बाबांनो?" आवाज आता बरोबर त्यांच्याइतकाच लागतो. कोणी हसत नाही. सलीम हात वर करतो. आणि ज्याला मतच नाही, तो दिलीपही.