इंद्रभानचं निळं पाणी

आसेगावच्या इंद्रभाननं अठरा वर्षं गावातल्या पोरींना कबड्डी शिकवली. सकाळी शेत, संध्याकाळी मैदान. मध्यंतरात पोरींना तो एकच पेय द्यायचा: पाण्यात लिंबू, साखर आणि मीठ. टीव्हीवर खेळाडूंच्या रंगीत बाटल्यांची जाहिरात लागली की तो उठून बैलांना पाणी दाखवायला जायचा.

यंदा वाशीमला जिल्ह्याच्या सामन्यांत पोरी अंतिम फेरीत पोचल्या. पण समोरच्या संघाच्या हातात निळ्या बाटल्या पाहून चढाईला जाणारी निकिता आदल्या दिवशीच खचली.

"काका, त्यायच्यात निळ्या बाटलीची ताकत हाये. आपलं मिठाचं पाणी कुठं पुरते?"

घामातून पाणी आणि मीठ जातं, तेच भरून काढायचं असतं, रंगाचा काही संबंध नाही, हे इंद्रभाननं परोपरीनं समजावलं. पोरी त्या निळ्या बाटल्यांकडेच बघत राहिल्या.

शेवटी त्यानं मैदानामागं फेकलेल्या त्याच पेयाच्या सात रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि घरी नेऊन गरम पाण्यानं तीनदा धुतल्या. त्याची बायको वैजयंती हिनं बर्फीसाठी आणलेला खायचा निळा रंग काढून दिला. या वयात हे धंदे काहून करून राह्यले, एवढंच तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी लिंबू-मिठाच्या निळ्या पाण्यानं भरलेल्या बाटल्या पाहताच पोरींच्या अंगात वारं शिरलं. चार गुणांनी जिंकल्या. निळ्या जिभा काढून फोटोही काढले.

"काका, तुमचं मिठाचं पाणी पेलो असतो तर हारलो असतो," निकिता म्हणाली.

इंद्रभाननं खरं सांगायला तोंड उघडलं. पण विभागाचे सामने आठ दिवसांवर होते. त्यानं तोंड मिटलं.

हरलेल्या संघाचे शिक्षक राजपाल यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कोणत्या कंपनीचं पाजता? त्यांना मात्र इंद्रभाननं सगळं खरं सांगितलं: लिंबू, साखर, मीठ. राजपाल हसले. सांगायचं नसेल तर राहू द्या, म्हणाले, आणि रागावूनच गेले.

जवळच्या शेलूबाजार गावात त्याचा सत्कार झाला. भाषणांत आधुनिक क्रीडा आहाराची जाण असलेला मार्गदर्शक म्हणून त्याचं कौतुक झालं आणि शालीबरोबर निळ्या बाटल्यांचं एक खोकं मिळालं. घरी त्यानं त्यातली एक फोडून जन्मात पहिल्यांदा चव घेतली.

"कशी हाये?" वैजयंतीनं विचारलं.

"मीठ कमी हाये," इंद्रभान म्हणाला, आणि उरलेली बाटली तिच्या हातात दिली.