तळहातावरचे दही

मी शाळेत मराठी शिकवते. कवितेत वारा रडू लागला, दगड बोलू लागला, की त्या अलंकाराचे नाव मुलांना सांगायचे आणि पुढचे कडवे घ्यायचे – हे माझे रोजचे काम. त्यामुळे या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव आजवर मी वाचले ते भाषेसाठी. त्यांतल्या एकाही घटनेवर माझा विश्वास बसला नव्हता. आताही बसला आहे असे म्हणवत नाही. घडले तेवढे लिहिते.

आम्ही सिल्वासात टोकरखाड्याला राहतो – आई आणि मी. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पक्षाघाताने आईची डावी बाजू गेली तेव्हापासून तिचे जग खिडकीजवळच्या खुर्चीएवढे झाले आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि वारा राखोलीकडून सुटला की कारखान्यांचा, तापल्या प्लास्टिकसारखा वास पडद्यांत भरून राहतो.

तिचा व्यायाम करून घ्यायला हेतलबेन येतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक गॉगल आणला – व्हीआरचा. डोळ्यांवर चढवला की माणूस बसल्या जागी दुसऱ्या मुलखात जातो. ज्यांचे पाय चालत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांसाठी. शनिवारी दुपारी, माझी शाळा सुटली की, आईचा प्रवास सुरू होई.

“बा, आज किधर जायचं? केरला, काशी?” हेतलबेन विचारत. आईला त्या गुजराती रीतीने ‘बा’ म्हणत.

“बर्फात.” दर वेळी तेच... देवदारांमधून जाणारा एक पांढरा रस्ता. “पण आधी दही आण गं. तशीच निघू का?”

“तिकीट फ्री आहे बा, तो भी दही पायजे?”

“फुकटचा प्रवास म्हणजे प्रवास नाही का?”

मग मी तिच्या उजव्या तळव्यावर दही-साखर ठेवायची. ती ते चाटून हात पुसायची. चक्कर येऊ नये म्हणून तिचा डावा, निर्जीव हात मी हातात धरून बसायची. जे दिसेल ते ती सांगत राही – फांदीवरून सांडणारा बर्फ, पायाखालची करकर. डाव्या पायाला तर काही कळतच नव्हते तिच्या. तरी माझ्या मुठीतली तिची बोटे हळूहळू गार पडत जात.

होळीच्या सुमारास ती प्रवासात बोलेनाशी झाली. अर्धेच दही खाई, अर्धे मुठीत ठेवी. आणि एका शनिवारी, गॉगल डोळ्यांवर असतानाच, म्हणाली, “हात सोड जरा.”

“का गं?”

“तिला धरता येत नाही.”

मी हात सोडला. आजारपणानंतर एकदाही न मिटलेली ती बोटे सावकाश मिटली – कशाभोवती तरी. हेतलबेन हरखल्या; नस जागी होतेय म्हणाल्या. गॉगल उतरल्यावर मी विचारले, “ती कोण, आई?”

“कोण ती? मी बोलले काही?”

तिने उजवी मूठ उघडली. रिकामी. पदरावर डाग नाही, खुर्चीवर नाही.

त्या दिवशी मी स्वतः गॉगल चढवून पाहिला. त्याच्या कडेला आईच्या खोबरेल तेलाचा वास होता. आत पांढरा रस्ता, काळी झाडे. रस्ता संपेपर्यंत माणूस म्हणून कुणी नाही.

मे महिन्यात गॉगल बिघडला आणि एक शनिवार चुकला. संध्याकाळी माझा फोन वाजला. वैजू – माझी धाकटी बहीण.

वैजूने आईच्या मनाविरुद्ध लग्न केले आणि ती भुसावळला गेली, तेव्हा आईने माझ्याकडून वचन घेतले होते: तिच्याशी बोलायचे नाही. मी ते वर्षानुवर्षे पाळले. तिला मुलगी झाल्याचे कळले, त्या दिवशी हातात घेतलेला फोन मी खाली ठेवला. आई समोर बसली होती.

“ताई, आई बरी आहे ना?” एवढ्या वर्षांनंतरचे हे तिचे पहिले वाक्य.

“बरी आहे. का?”

“आज आली नाही म्हणून...”

“कुठे आली नाही?”

ती म्हणाली, “बर्फात.”

शनिवारी दुपारी तिचा डोळा लागतो, म्हणाली, आणि आई समोरून येते. “चालत येते, ताई. माझा हात धरून चालते. उठले की बोटं गार असतात माझी, इथे भुसावळच्या उन्हात. अर्धं दही ठेवते गं माझ्यासाठी... साखर जरा कमी असते.”

“किती दिवस चाललंय हे?”

“तुला सांगू नको म्हणाली होती.”

आईकडे फोन नाही. मला बहीण आहे हे हेतलबेनना ठाऊकही नव्हते. आणि तळव्यावरच्या दह्याची गोष्ट आई, मी आणि हेतलबेन यांच्यापलीकडे कुणालाही माहीत नव्हती.

मी आईपाशी जाऊन बसले. “वैजू भेटते तुला?”

ती गच्चीवरच्या कपड्यांकडे पाहत राहिली. “तिला काही बोलू नकोस.”

“मला तिचं नाव घेऊ दिलं नाहीस, आई. आणि स्वतः... मला का नाही नेलंस?”

तिने माझ्याकडे पाहिले – खरोखरच नवल वाटल्यासारखे.

“तू तर इथे असतेसच.”

गॉगल दुरुस्त होऊन आला आहे. हे कसे घडते, मला ठाऊक नाही; हेतलबेन अजूनही नसांबद्दल बोलतात आणि मी मान डोलावते. शुक्रवारी दूध मीच विरजते. शनिवारी दही तिच्या तळव्यावर मीच ठेवते, आणि गॉगल चढला की तिने सांगण्याआधीच तिचा डावा हात सोडून देते. ती बोटे मिटताना पाहत बसते.

साखर मात्र मी वाढवलेली नाही.