जबाबदारी प्रवाशाची राहील

आमच्या तालुक्यात माणसे आता भांडत नाहीत. थेट नोटीस धाडतात. तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देण्याच्या माझ्या व्यवसायास ही प्रगती चांगलीच मानवली आहे. समोरच्या जीपवाल्याने मात्र तिचा धसका घेतला. एकदा रस्त्यात रानडुक्कर आडवे आले, त्याने ब्रेक मारला, एका प्रवाशाचा दात पडला आणि आठवड्यात दाताच्या भरपाईची नोटीस आली.

तेव्हापासून हा गृहस्थ सही घेतल्यावाचून जीपचे दार उघडत नाही. मसुदा अर्थातच माझा: खड्डा, रानडुक्कर, वाघ अथवा अस्वल यांमुळे झालेल्या इजेस चालक जबाबदार नाही. सही झाली की कागद उन्हात धरून तो मला विचारतो, "पक्कं आहे ना, भाऊ?"

परवा एक सासू कळा देणाऱ्या सुनेला घेऊन आली. बस निघून गेली होती आणि गडचिरोलीचा दवाखाना दूर होता. जीपवाल्याला घाम फुटला.

"बाई, रस्त्यात काही झालं तं मले फाशीच देतीन. भाऊ, कागद बनवा!"

मी समासाची रेघ आखली. सून किंचाळली.

"अरे बाबू," सासू कडाडली, "पोटातल्याले थांब म्हणून नोटीस देऊ का?"

त्याने दार उघडले आणि सुनेला उचलून आत निजवले. "भाऊ, तुमी लिहून राहा, मी जाऊन येतो."

संध्याकाळी परतल्यावर तो मागची सीट धुऊ लागला. "पोरगी झाली, भाऊ. रस्त्यातच."

एवढ्या जोखमीच्या कामी एकाचीही सही नव्हती, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. तो हसला आणि बादली पुन्हा भरून आणायला गेला.