डबीतलं खळं

तिसगावात ‘कारभारी लवांडे’ कुठं राहतात म्हणून विचारलं तर माणूस क्षणभर घोटाळतो. ‘कारभारी यारीवाला’ म्हटलं की लगेच हात वर होतो. यारी म्हणजे विहीर खोदताना काठावर उभी करतात ती क्रेन, दगड-मुरमानं भरलेला लोखंडी डोल वर ओढणारी. कारभारीनं तीस वर्षं ह्या भागातल्या विहिरींच्या काठावर उभं राहून काढली. त्याची थोरली पोरगी निकिता विमान चालवायला शिकते. गावाला हे अजून नीट पचलेलं नाही.

“यारीवाल्या, तू मानसं खाली सोडतो आन् पोरगी निघाली वर. ह्ये कसं काय?” कुणीतरी चेष्टा करतं.

“वरून पडली तरी खालीच यायची,” कारभारी हसत म्हणतो. मग त्याचं हसू आपोआप जातं. तेवढं वाक्य बोलायला नको होतं असं त्याला दर वेळी वाटतं, आणि दर वेळी तो बोलतोच.

निकिताला भीती पहिल्यांदा कळली ती नऊ वर्षांची असताना. बापाला भाकरी घेऊन ती विहिरीवर गेली होती. विहीर साठ फूट गेलेली. खाली बजरंग नावाचा गडी. कारभारीची रीत अशी की वरून जे सांगितलं ते खालच्यानं जसंच्या तसं परत म्हणायचं. “डोल सोडतो” म्हटलं की खालून “डोल सोड” असं आलं पाहिजे. नुसतं “व्हय” चालायचं नाही. आणि डोल किती खाली गेला हे कारभारी बघत नसे. दोराला दर पाच फुटांवर चिंधी बांधलेली, ती तळव्याखालून सरकली की तो मोजायचा. डोळे मिटून मोजायचा म्हणा ना.

त्या दिवशी त्यानं हाक मारली, “डोल वडतो!” खालून काहीच आलं नाही. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. काठावरची माणसं ओरडायला लागली, “वड, वड की! दम कोंडला आसंल त्याचा!” कारभारीनं दांड्यावरचा हात काढला. दोन्ही हात छातीशी धरले आणि तोंडानं एक ते दहा मोजलं. बापाची बोटं दांड्याकडं वळू पाहताना निकिताला दिसत होती. दहानंतर त्यानं परत विचारलं, हळू, “बजरंग, कुठं हायस ते आदी सांग.” खालून बारीक आवाज आला, “डोलाच्या खाली पाय हाय, कारभारी. दोरात आडाकलाय.” ओढलं असतं तर पाय गेला असता.

घरी येताना बाप एवढंच म्हणाला, “भ्याव वाटलं की हात आपसूक चालत्यात, पोरी. त्यान्लाच आदी धरायचं.”

बारावीनंतर निकितानं शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि भीमेपलीकडच्या एका वैमानिक शाळेत दाखल झाली. तिथं तिला शिकवायला सुनीती मॅडम होत्या. नगरच्या, तीन पिढ्या शिक्षकी केलेल्या घरातल्या. बोलणं फळ्यावर खडूनं लिहिल्यासारखं स्वच्छ. विद्यार्थी त्यांना विमानापेक्षा जास्त भ्यायचे.

दोन आसनांच्या त्या छोट्या विमानात समोरच्या फळीवर एक यंत्र बसवलेलं होतं. पोरं त्याला डबी म्हणत. उजव्या बाजूला लहानसा पडदा: आपण कुठं आहोत, कुठं जायचंय, किती मैल उरलेत, हे उपग्रहाकडून विचारून दाखवणारा. डाव्या बाजूला आकड्यांच्या दोन ओळी. वरची ओळ बोलायच्या रेडिओची, खालची दिशा दाखवणाऱ्या केंद्रांची. प्रत्येक ओळीत एक चालू आकडा आणि शेजारी एक थांबलेला; फिरवायचा तो थांबलेला, मग अदलाबदलीचं बटण दाबून तो चालू करायचा. दोन्ही ओळींचे आकडे फिरवायला गोल बटण मात्र एकच, एकात एक दोन चकत्यांचं. ते आत दाबलं की वरची ओळ सोडून खालची धरायचं, पुन्हा दाबलं की वरची.

निकिता हे बटण बोटांनी मोजून फिरवायची. मोठी चकती चार टिचक्या, छोटी सहा. डोळे बाहेर आभाळात. बापाचा तळवा दोरावर चालायचा तशी.

“लवांडे,” मॅडम एकदा थंडपणे म्हणाल्या, “तुझ्या बोटांना वाचता येतं का?”

“नाही, मॅडम.”

“मग आकडा डोळ्यांनी वाच, तोंडानं म्हण, आणि मग बोल. परत बोटांनी मोजताना दिसलीस तर तुला एकटीला सोडणार नाही.”

हे जानेवारीत झालं. फेब्रुवारीत तिला एकटीनं लांबचं उड्डाण मिळालं. धावपट्टीच्या मैदानावरून कर्जत, कर्जतवरून तिसगाव, तिथून वळून परत. वळण तिसगावला ठेवलं ते मॅडमनीच, आणि त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “वळणाच्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे नकाशावरून काढ. डबी पडताळ्याला आहे, जीव हवाली करायला नाही.”

निकितानं काढले. पण आदल्या संध्याकाळी बापाचा फोन आला.

“मी खळ्यात पिवळी ताडपत्री आथरून ठिवतो. कोपऱ्याला दगडं. वरून दिसंल ना?”

“दिसंल, नाना. हजार फुटावरून बी दिसंल.”

“आई म्हनती, लई खाली नको येऊ. आन् मोबाईलवरनं लोकेशन धाडलंय खळ्याचं. आकडं हायेत त्यात. त्येच घाल तुझ्या डबीत.”

मागून आई, सविता, ओरडली, “आन् तिला म्हनावं, जेवून उड!”

नकाशावर गाव होतं. फोनवर खळं होतं. सकाळी निघण्याआधी निकितानं नकाशावरचे आकडे बाजूला ठेवले आणि बापाचे घातले. एकोणीस टिंब एकोणीस, पंच्याहत्तर टिंब शून्य सहा. जागेला नाव दिलं ‘खळा’, इंग्रजी पाच अक्षरांत.

कर्जतपर्यंत सगळं नीट झालं. तळं दिसलं, रस्ते ओळखले. पुढं धूर लागला. साखर कारखान्यांचे हंगाम संपत आलेले, उसाचं पाचट जाळायचे दिवस. दुरून धुकं वाटावं असा पिवळट पडदा. डोंगर खालून अंधुक गेले. मढीचा गड उजव्या हाताला दिसायला हवा होता, तो दिसला नाही. तिनं डबीकडं पाहिलं. खळा, नऊ मैल. ठीक. धुरात लपला असेल गड.

चार मैल. दोन. शून्य.

तिनं पंख खाली झुकवून पाहिलं. खाली ऊस होता. हिरवागार, दाट, सरीच्या सरी. आणि उसाच्या कडेनं कालव्याचं पाणी चमकत होतं.

तिसगावात त्यांच्या शिवारात कालवा नाही. असता तर बापानं एवढ्या विहिरी खोदल्या नसत्या.

डबी म्हणत होती, खळा, शून्य. खाली खळं नव्हतं. कालवा आणि ऊस म्हणजे राहुरी का? एवढी पश्चिमेला आले? राहुरीला लागूनच लष्कराचा गोळीबाराचा पट्टा. लहानपणी नगरला मावशीकडं गेलं की त्या तोफांच्या आवाजानं खिडक्यांची तावदानं खडखडायची, मावशी म्हणायची, “काय न्हाई, सरावे.” तो सराव आज आहे का नाही हे तिनं सकाळी पाहिलं होतं, पण आता आठवेना. आपण त्या पट्ट्यावर आहोत का जवळ आहोत, का दुसरीकडंच कुठं, काहीच कळेना. वर बघावं तर पांढरं, पुढं बघावं तर पिवळं. विमान तेवढं घरघरत होतं, जणू काही झालंच नाही.

हात चालायला लागले. मैदानाशी बोलायला त्यांचा आकडा रेडिओवर आणायचा होता. तिनं बटण धरलं, घाईत आत दाबलं गेलं ते तिला कळलं नाही. मोठी चकती चार टिचक्या. छोटी सहा. अदलाबदलीचं बटण दाबलं. आणि बोलली, विमानाचं नाव, स्वतःचं नाव.

खरखरसुद्धा नाही.

पुन्हा बोलली. पुन्हा नाही. आवाजाचं बटण वाढवलं. पुन्हा टिचक्या, पुन्हा हाक. कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज. घामानं बोटं बटणावरून घसरायला लागली. विमान डावीकडं कलत चाललंय हेही तिला दोन-तीन श्वासांनी कळलं, आणि ते कळल्यावर तोंडातून “आई गं” निघालं.

मग विहिरीचा काठ आठवला की काय कोण जाणे. तिनं विमान सरळ केलं. एक हात दांड्यावर हलका ठेवला आणि दुसरा, बटणावरचा, काढून छातीशी धरला.

“एक,” ती मोठ्यानं म्हणाली. “दोन. तीन.”

दहापर्यंत गेली. मग डबीवर जे लिहिलं होतं ते वरून खाली वाचायला लागली, तोंडानं, शाळेत पाढे म्हणावेत तसं. वरच्या ओळीत चालू आकडा: हा मैदानाचा नव्हता. कुणीतरी काल वापरून शेजारी ठेवलेला, अदलाबदलीत आलेला. वरच्या ओळीत थांबलेला आकडा: तोही नव्हता. खालची ओळ... खालची ओळ सगळी भलतीकडंच गेली होती. तिच्या टिचक्या सगळ्या तिथं पडल्या होत्या.

“बोटांना वाचता येत नाही,” ती स्वतःला म्हणाली. हसू आलं नाही, रडूच आलं.

बटण दाबलं. वरची ओळ धरली. या वेळी एकेक आकडा डोळ्यांनी बघत, तोंडानं म्हणत आणला. अदलाबदल केली. बोलली.

“बोल,” सुनीती मॅडमचा आवाज, अगदी हळू, लांबून. पुढं इंग्रजीत प्रश्न: तिसगाववर पोचलीस का?

डबी सांगत होती, खळा, शून्य. ‘हो’ म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं तर कागदावर वळण पुरं होणार होतं, एकटीचं उड्डाण पदरात पडणार होतं. नंतर वाट शोधता आली असती, कदाचित. ‘नाही’ म्हटलं तर आजच्या आज एकटीनं उडणं बंद. आणि नानाच्या ताडपत्रीचं काय सांगायचं? तिला बजरंगचा बारीक आवाज ऐकू आला, डोलाच्या खाली पाय हाय.

“नाही, मॅडम,” ती म्हणाली. “डबी हो म्हणते. खाली तिसगाव नाही. मी कुठं आहे मला माहीत नाही.” इंग्रजी शब्द सुचेनासे झाले.

“निकिता,” मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदा नावानं. “मराठीत बोल. पेट्रोल किती?”

“पावणेदोन तासांचं.”

“भरपूर आहे. आधी पाच हजार फुटांवर ये. मी सांगेन ते परत म्हण.”

“पाच हजार फुटांवर येते.”

वर आल्यावर आवाज जवळ आला. मॅडमनी तिला डबीतलं ती आत्ता आहे त्या जागेचं पान उघडायला लावलं. निकितानं आकडे वाचले. पलीकडं कागद सरकल्याचा आवाज.

“तिसगाव मागं राहिलं, सात-आठ मैल. तू मिरीच्या पुढं आहेस, कालव्याच्या टोकाला. गोळीबाराचा पट्टा लांब आहे, पश्चिमेला. ऐकलंस?”

“पट्टा लांब, पश्चिमेला.”

“वळणाचे आकडे कुठून घेतलेस?”

“घरून. फोनवरून.”

“फोन एका अंशाचे शंभर भाग सांगतो, बाळ. डबी साठ मागते; तू शंभरातले आकडे साठातले म्हणून घातलेस. आता बाणाचं बटण दाब, आपल्या मैदानाचं नाव आण, मग दोनदा मान्य कर. ते आकडे तू घातलेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेव. काय आलं?”

“दोनशे तीन अंश. एकाहत्तर मैल.”

“त्या दिशेला धर. खाली बघू नकोस. दर पाच मिनिटांनी मला आकडा वाचून दाखव.”

ती वाचत आली. सहासष्ट. अठ्ठावन्न. पन्नास. खाली कुठंतरी धुराखालून तिसगाव गेलं असेल, तिनं मान वळवली नाही. भीती मैदान दिसल्यावरही गेली नाही, आणि चाकं टेकल्यावर तर उलट वाढली. इंजिन बंद झाल्यावर उतरताना तिला मेकॅनिक रामभाऊंचा खांदा धरावा लागला.

“पाय जमिनीवरच हायेत ना?” रामभाऊ म्हणाले. “मंग बस खाली. मी बी बसतो.”

मॅडम चालत आल्या. ओरडल्या नाहीत. डबीत वाकून ‘खळा’ बघितलं, बराच वेळ. “एकटीचं उड्डाण बंद,” त्या म्हणाल्या. “पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर हाच रस्ता. मला ‘हो’ म्हणाली असतीस तर कायमचं बंद झालं असतं. आता घरी फोन कर, वाट बघत असतील.”

पहिल्याच घंटीला बापानं उचलला.

“नाना, मी खाली आले. नीट हाय मी.”

पलीकडं लांब श्वास सुटला. मग मागं कुणालातरी, “उतरली गं, उतरली.” आईचं रडणं ऐकू आलं, मग भांड्याचा आवाज.

“आवाज आलता,” कारभारी म्हणाला. “दोन खेपंला. एक जाताना, एक येताना. वर बघितलं तर धूर नुसता. मी हात करत व्हतो.”

“मी चुकले हुते, नाना. तुमी धाडलेलं आकडं मी चुकीचं घातलं. वाट गावत नव्हती.”

त्यानं विचारलं, “हाक मारली का?”

“मारली. आदी हात काढले, धा मोजलं, मंग मारली.”

“आन् कुठं हाय ते खरं सांगितलं?”

“खरं सांगितलं. म्हून एकटीचं बंद केलंय. पुढल्या आठवड्यात मॅडमसंगं परत खळ्यावरनंच यायचंय.” तिला तो धूर, तो शून्य आठवला, आणि हातातला फोन ओला झाला. “नाना, मला लई भ्या वाटतंय.”

कारभारी खळ्यात चालत असावा, पायाखाली काटक्या मोडत होत्या.

“ताडपत्री गुंडाळू का मंग?” त्यानं विचारलं. “वारं सुटलंय.”

निकितानं शेडकडं पाहिलं. रामभाऊ विमानाची काच फडक्यानं पुसत होते.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “दगडं जास्ती ठिवा.”