पाळण्याचे आठ रुपये

मी विणलेल्या पाळण्यावर बाईसाहेबांनी माझ्यादेखत गोमूत्र शिंपडलं. आतून, बाहेरून, तळालाही. मग गड्याला तो उचलायला सांगितला आणि पाळणा घरात गेला. मी मागच्या अंगणात उभी. पायरीपासून चार हात लांब. तिथंच उभं राहायचं, असं पहिल्या दिवशी सांगितलेलं.

पाळणा शुद्ध झाला. मी होते तशीच.

"पैसे परवा ने," बाईसाहेब म्हणाल्या.

"आज देतो म्हनला हुता की, बाईसाहेब."

"परवा म्हटलं ना? तुम्हा लोकांना एकदा सांगून कळत नाही का?"

मला कळलं. मी मान खाली घालून निघाले. पदराच्या गाठीत पास होता, तो चाचपला आणि पळतच सुटले. सहाच्या हजेरीला मला कुंपणाच्या आत असायला हवं होतं.

ते कुंपण सांगायला हवं. मी कैकाड्याची. सरकारनं कायदा करून गुन्हेगार जातींची यादी केली होती, तिच्यात आमची जात होती. म्हणून सोलापुरात आमची सगळी वस्ती तारेच्या कुंपणात ठेवलेली. तिला सेटलमेंट म्हणायचे. मी कुणाची काडी उचलली नव्हती. माझ्या आईनंही नाही. पण मी जन्मले तेव्हाच माझं नाव चोरांच्या वहीत चढलं. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी. बाहेर जायचं तर पास. पासावर लिहिलेलं असायचं, कुठं जाणार, किती वाजता येणार. उशीर झाला तर पास बंद. वर दंड. कधी तुरुंगही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. बाप मी लहान असतानाच गेला. आई गिरणीत सूत काढायला जायची. मीही दोन वर्षं गेले, पण कापसाच्या धुळीनं छाती भरली, खोकताना रक्त आलं, तेव्हा आईनं मला घरी बसवलं. घरी बसून मी विणायला लागले. टोपल्या, डाली, परड्या. विणणं आईनं शिकवलेलं. तरवडाचे फोक, लवचीक काड्या, भिजवायचे, सोलायचे, रंगात बुडवायचे. पण पोपट माझे मी काढले. हिरवे फोक कुठं वर घ्यायचे, कुठं खाली दाबायचे, हे मोजून मोजून बसवलं आणि टोपलीच्या अंगावर पोपटांची रांग उमटली. आई बघत राहिली. म्हणाली, "हे मला न्हाय जमलं कधी."

सेटलमेंटच्या कचेरीनं आमच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं, तिथं ती टोपली वकिलाच्या बायकोनं बघितली. त्याच या बाईसाहेब. त्यांच्या सुनेला दिवस गेलेले. म्हणाल्या, असे पोपट असलेला पाळणा करून दे. चारी बाजूंनी पोपट, मध्ये वेल. बारीक वेताचा. मी भीत भीत दहा रुपये सांगितले. त्यांनी आठ ठरवले. मी 'व्हय' म्हणाले. इसार मागायचं सुचलंसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या घरातली बाई आपल्याशी बोलली, तेवढ्यानंच मी गार झाले होते.

वेत बाजारातून उधार आणला. तीन रुपयांचा. पाळण्याला चोवीस दिवस लागले. वेत तासताना बोटं चिरायची, रंगात रक्त मिसळू नये म्हणून चिंधी गुंडाळून विणायचे. आई गिरणीतून आली की पाळण्यात हात घालून बघायची, कुठं काडी टोचते का. "लेकराची पाठ असती मऊ," म्हणायची. कुणाचं लेकरू, ते तिनं कधी विचारलं नाही.

मग ते गोमूत्र. आणि परवा.

परवा गेले. बाईसाहेब म्हणाल्या, वकीलसाहेब परगावी आहेत. पुन्हा गेले. सून बाळंत झालेली, मुलगा झाला होता. "घरात सोयर आहे. दहा दिवस इकडं फिरकू नकोस." दहा दिवसांनी गेले. "आज शुक्रवार. शुक्रवारी आम्ही घरातली लक्ष्मी बाहेर काढत नाही."

प्रत्येक खेपेला पास. प्रत्येक पासाला हजेरी कारकुनापुढं उभं राहायचं. तो चष्म्यावरून बघायचा. "एवढं काय काम असतं गं तुझं वकिलाच्या घरी?" त्याच्या बोलण्यातलं हसू मला कळायचं.  वेतवाला कुंपणाच्या फाटकाशी येऊन उभा राहायला लागला. तारेपलीकडून मोठ्यानं विचारायचा, "काय गं, वेत खाल्लास का काय?" सगळी वस्ती ऐकायची.

मला बाईसाहेबांची भीती वाटायची. कारकुनाची वाटायची. वेतवाल्याची वाटायची. रस्त्यानं जाताना मागं कुणाच्या बुटांचा आवाज आला तरी मी कडेला सरकायचे. माझ्याच पैशासाठी मी चोरासारखी चालत होते.

शेवटी बाईसाहेबांनी सांगितलं, "रविवारी बारसं आहे. दुपारी ये. सगळे खुशीत असतील, तेव्हा देऊन टाकू."

गेले. मागच्या अंगणात, माझ्या ठरलेल्या जागी उभी राहिले. स्वयंपाकघरातून तुपाचा वास येत होता. माजघराचं मागचं दार उघडं होतं. आत बायकाच बायका, जरीची लुगडी, नथी. मधोमध माझा पाळणा टांगलेला. चारी कोपऱ्यांना चांदीची घुंगरं बांधलेली. बाळ झोपलेलं. त्याच्या पाठीखाली माझे पोपट.

इतका चांगला दिसत होता पाळणा. क्षणभर मी पैसे विसरले.

एक म्हातारी बाई पाळण्यावर हात फिरवत म्हणाली, "काय देखणं काम आहे हो! कुठून आणलात?"

बाईसाहेब म्हणाल्या, "मुंबईहून मागवला. पंचवीस रुपये पडले."

माझ्या कानात काहीतरी गरम ओतल्यासारखं झालं. तोंडून शब्द निघाला तेव्हा तो माझाच आहे हे मला कळायला वेळ लागला.

"मी इनलाय त्यो."

सगळ्या बायका वळल्या. दारातून अंगणात बघायला लागल्या. तोंड सुटलं ते सुटलंच.

"चोवीस दिवस लागलं. तळाला बगा. मदला वेत उलटा घातलाय. आमच्या आईची खून हाय ती. मुंबईला कुनाला म्हाईत असनार?"

त्या म्हाताऱ्या बाईनं वाकून पाळण्याखाली बघितलं. सरळ झाली. तिनं बाईसाहेबांकडं बघितलं. बाईसाहेबांचं तोंड लाल झालं, त्यावरून सगळ्यांना कळलं.

बाईसाहेब दारात आल्या. आवाज अगदी हळू. "आणि एक घुंगरू कुठं गेलं?"

मला समजेना.

"पाच होती. आता चारच आहेत. शुक्रवारी तू येऊन गेलीस." मग मागं वळून बायकांना म्हणाल्या, "सेटलमेंटातली आहे ही. काय करणार!"

बायका मागं सरकल्या. एकीनं गळ्यातल्या पोहेहारावर हात ठेवला.

इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही. नुसता शब्द पुरे होता. वकिलाच्या बायकोनं 'घुंगरू' म्हणायचं, आणि मी तुरुंगात. कुणी साक्ष मागणार नाही, कुणी घुंगरू शोधणार नाही. माझं नाव आधीच वहीत.  लघवीला झाल्यासारखं झालं. पाय म्हणत होते, पळ.

"जा आता मुकाट्यानं," बाईसाहेब म्हणाल्या. "शुभ दिवस आहे म्हणून सोडते. नाहीतर पोलिसच बोलावले असते."

आणि तिथं मला लख्ख दिसलं. ह्या बाईला घुंगरू नको होतं. मी पळायला हवं होतं. मी पळाले असते, तर आठ रुपये वाचले असते आणि मी चोर ठरले असते. आजवर मी पळतच होते. परवा म्हटलं की पळाले, सोयर म्हटलं की पळाले. माझ्या पळण्यावर ह्यांचे पैसे वाचत होते.

मी खाली बसले. अंगणातच. मातीत.

"बोलवा पोलिस," मी म्हणाले. आवाज चिरका आला. "झडती घ्या माजी. घुंगरू गावलं तर मी जाते तुरुंगात. न्हाय गावलं तर माजं आठ रुपये द्या."

 आतलं बाळ जागं होऊन रडायला लागलं.

बाईसाहेबांनी गड्याच्या बायकोला बोलावलं. भागव्वा तिचं नाव, अक्कलकोटकडची. तिनं मला गोठ्याच्या आडोशाला नेऊन पदर, चोळी, कासोटा, केस सगळं चाचपलं.  माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "मला करायला लावत्यात गं. राग धरू नको." पदराच्या गाठीत पास मिळाला. दुसरं काही नाही. ती बाहेर जाऊन म्हणाली, "काय न्हाय, बाईसाहेब."

मी परत येऊन त्याच जागी बसले.

गिरणीचा पाचाचा भोंगा झाला. सहाला हजेरी. तासभराची वाट. आता उठले असते तर पोचले असते. बाईसाहेबांनाही ते माहीत होतं. त्या दार लावून आत गेल्या. मी बसून राहिले. दात वाजत होते, उन्हात. मनात आईचं तोंड येत होतं. हजेरीत माझं नाव पुकारतील, आई माझ्या रिकाम्या जागेकडं बघेल.

पाहुण्या बायका एकेक करून गेल्या. जाताना मागच्या दारातून डोकावून मला बघून गेल्या. तेच बाईसाहेबांना सोसलं नसावं. ऊन कललं तेव्हा वकीलसाहेब स्वतः बाहेर आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. खिशातून चार रुपये काढले आणि मातीत टाकले.

"उचल आणि चालती हो."

मी ते उचलले. लपवत नाही. एकेक करून मातीतून वेचले. वेतवाल्याचे तीन द्यायचे होते. आई अर्धपोटी कामाला जात होती. पण उठून उभी राहिले आणि म्हणाले, "चार ऱ्हायलं."

"काय?"

"आठ ठरलं हुतं. चार ऱ्हायलं."

त्यांनी हात उगारला. मी डोळे मिटून घेतले. पण जागची हलले नाही. हात खाली आला नाही. डोळे उघडले तेव्हा ते आत गेले होते आणि भागव्वा मला हातानं खुणावत होती, आता जा बाई, जा.

अंधार पडताना फाटकाशी पोचले. हजेरी होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत उभी केली. मी सगळं सांगितलं. कारकुनानं शेवटी एवढंच विचारलं, "उशीर झाला का नाही?" झाला होता. तीन महिने पास बंद.

आईनं मला मारलं नाही, रागावलीही नाही. तिनं भाकर पुढं ठेवली. मग म्हणाली, "पुन्हा असं करू नको. मला धडधड झाली." मी हो म्हणाले नाही.

त्या तीन महिन्यांत मी कुंपणाच्या आतल्या बायकांशी बोलले. आतापर्यंत बोलायला फुरसत नव्हती. आम्ही सहा जणी होतो बाहेरचं काम घेणाऱ्या. कुणी गोधड्या शिवायची, कुणी शिंदीच्या चटया विणायची, कुणी मण्यांचं काम करायची. मी विचारलं, तुमचं कुणाकडं राहिलंय का? एकीनं तोंड उघडलं आणि मग संपेचना. प्रत्येकीचं कुठं ना कुठं अडकलेलं. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीलाच असं फसवलं, आपणच बावळट. चटया विणणारी म्हातारी म्हणाली, "मी तर सोडून दिलं. चोर म्हनत्यात म्हनून कोन मागाय जाईल?" सगळ्यांना हेच वाक्य ऐकवलेलं. घरं वेगळी, वाक्य तेच.

आम्ही ठरवलं. अर्धे पैसे आधी. ते हातात पडल्याशिवाय काडी भिजवायची नाही. उरलेले मोजून घेतल्याशिवाय वस्तू कुंपणाबाहेर जाऊ द्यायची नाही. आणि ज्या घरानं एकीचं बुडवलं, ते पैसे चुकते होईपर्यंत सहा जणींना बंद. ठरवताना सगळ्या घाबरलेल्या. गोधडीवाली म्हणाली, "काम बंद पडंल गं." पडणारच होतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

पास सुरू झाला त्याच आठवड्यात वकिलाचा गडी फाटकावर आला. भागव्वाचा नवरा. बाईसाहेबांच्या बहिणीला तसाच पाळणा हवा होता. मी तारेच्या आत, तो बाहेर.

"आदीचं चार," मी म्हणाले. "आन नव्याचं आठ, तुमच्या घराला सगळं आदीच. बारा रुपये हितं मोज. मग बोलू."

तो म्हणाला, "येडी झालीस काय? बाईसाहेबांना असं सांगू?"

"सांग की."

तो फाटकावर विचारून आत आला आणि चटईवाल्या म्हातारीकडं गेला. पाळणा नाही तर निदान चटई तरी. ती म्हणाली, त्या घरचं काम नाही. गोधडीवालीकडं गेला. तिनं दार लोटून घेतलं. मी माझ्या दारातून बघत होते आणि माझी छाती इतकी उडत होती की मला वाटलं खोकला येईल. आता तो जाऊन सांगणार. आता पुन्हा घुंगरू निघेल. आता पोलिस येतील.

सहावीच्या दारातूनही तो तसाच परत फिरला. कुंपणाच्या कडेकडेनं मान खाली घालून निघून गेला.

त्या महिन्यात आमच्यातल्या चौघींच्या चुली एकवेळ पेटल्या. माझे चार रुपये आजवर आले नाहीत. मी भ्याले नाही असं कुणी म्हणू नये. आजही दारात अनोळखी पाऊल वाजलं की मी आधी भिते. मग उठते, बाहेर येते, आणि भावाचा आकडा सांगून निम्मे पैसे मागते. समोरचा परवा म्हणाला, तर मी त्याच्यासाठी वेत भिजवत नाही. कधीच भिजवणार नाही.