‘नाही’ म्हणायची तालीम

वॉशिंग्टनच्या तटरक्षक मुख्यालयात मार्लिस टिबेट्सबाई समोरून आल्या की अर्धे कॅप्टन जिना बदलत. बाई दिसायला अगदी साध्या. पांढरे केस, मऊ बूट, टेबलावर लिंबाच्या गोळ्यांची बरणी. पण दलाला कुठल्या बोटी हव्यात, काय मोडकळीला आलंय, हे सांगायला ॲडमिरल दरवर्षी संसदेच्या समितीपुढे जात, आणि त्याआधी मुख्यालयात लुटुपुटूची सुनावणी होई. तिच्यात खासदार व्हायचं काम बाईंचं. त्या खुर्चीत बसल्या की बाईंच्या अंगातच यायचं. वादळाला न भ्यालेली माणसं त्यांच्यापुढे चळाचळा कापत.

बाईंचा राग एकाच शब्दावर होता: ‘भागवू’. या दर्यावर्दी लोकांचा जन्मच डागडुजीत गेलेला. पंप फुटला, बांधा. पाइप गळला, पट्टी मारा. काही मागायचं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटे. खासदारांनी विचारावं, या जुन्या बोटीवर अजून एक वर्ष निघेल का, आणि यांनी छाती फुगवून सांगावं, भागवू की! खासदार खूश, नवी बोट रद्द. अलास्काची नवी बोट अशीच वर्षानुवर्षं बुडत आली होती, आणि तीही पाण्यात न उतरता.

अलास्कातल्या त्या जुन्या बोटीच्या इंजिनखोलीत बाईंची मुलगी रोवेना होती. हे बाईंनी मुख्यालयात कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीसाठी बोट मागते, असं कुणी म्हणायला नको. मागच्याच आठवड्यात रोवेनाने फोनवर सांगितलं, की भर लाटांत इंजिन बंद पडलं आणि तिने भटारखान्यातल्या यंत्राचा पट्टा काढून ते चालू केलं. सांगताना काय तो तोरा!

“मला कौतुक नको सांगूस,” बाई म्हणाल्या. “तुमच्या असल्या जुगाडांमुळेच नवी बोट येत नाही.”

“मग काय पोहत यायचं होतं, आई?” पोरगी खो खो हसली. बाईंना रात्रभर झोप नाही.

यंदाचे ॲडमिरल स्ट्रॉब म्हणजे देवमाणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तालमीत बाईंनी विचारलं, “आहे त्या बोटीवर हिवाळा निघेल?”

“अवघड आहे, पण...”

बाईंनी टेबलावरची घंटा वाजवली. “तो ‘पण’ गिळा आधी.”

तीन दिवस ती घंटा वाजत होती. शेवटी ॲडमिरल इतके तयार झाले, की कँटीनमधल्या बाईने ॲपल-पाय वाढू का विचारलं तरी ठणकावून ‘नाही’ म्हणाले, आणि मग जाणाऱ्या ताटलीकडे केविलवाण्या नजरेने बघत राहिले.

सुनावणीला बाई मागच्या रांगेत बसल्या. खरे खासदार म्हणजे एक मऊ आवाजाचे म्हातारे गृहस्थ. त्यांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा तो प्रश्न विचारला.

“नाही, सर,” ॲडमिरल म्हणाले. “निघणार नाही.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात म्हाताऱ्याने चष्मा काढला. “मग जानेवारीत तिकडे एखादी मासेमारी बोट बुडायला लागली, तर तुमची माणसं जाणार नाहीत म्हणता?”

हा प्रश्न तालमीत कधीच आला नव्हता. बाईंना तो सुचला नव्हता असं नाही. त्यांना तो विचारायची हिंमत झाली नव्हती.

ॲडमिरलनी समोरचे कागद बाजूला सारले. “जाणार, सर. त्याच बोटीने जाणार. म्हणून तर नाही म्हणतोय.”

म्हाताऱ्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खासदार म्हणाले, की या बोटीसाठी मी स्वतः भांडेन. अर्थात बांधून व्हायला चार-पाच वर्षं लागतील, हेही त्यांनी त्याच मऊ आवाजात सांगितलं.

ॲडमिरल बाहेर आले तेव्हा बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. ॲडमिरलना वाटलं, आता घंटा वाजणार.

“काही चुकलं का माझं?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“माझी पोर आहे त्या बोटीवर,” त्या म्हणाल्या.

ॲडमिरलनी टोपी काढली आणि ते बाईंच्या शेजारी बसले.