मान हलवू नका

मोखाड्याजवळ पोशेऱ्याच्या शाळेत मी बाई होते. पोरं घरी वेगळी बोली बोलायची. "समजलं का?" विचारलं की सगळ्या माना डोलायच्या आणि वहीत मात्र भोपळा. मी खेकसायचे, "माना नका डोलवू, तोंडाने सांगा!"

एकदा मानेत गाठ आली, म्हणून डॉक्टरांनी नाशिकला एमआरआयला पाठवलं. तिथल्या तंत्रज्ञाने भराभर सांगितलं, की मध्येच शिरेतून औषध सोडू, हात गार वाटेल, घाबरायचं नाही. किडनीचा त्रास किंवा ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि अजिबात हलू नका. "समजलं ना?" मी मान डोलवली. निम्मंही कळलं नव्हतं, पण पुन्हा विचारायची लाज वाटली. बाई ना मी!

आत यंत्राचा खडखडाट थांबला की स्पीकरमधून आवाज यायचा, "मॅडम, ठीक आहात ना?" मी मान डोलवायचे. फोटो पुन्हा काढावे लागायचे. तिसऱ्यांदा तो वैतागून ओरडला, "मॅडम, मान नको, तोंडाने सांगा!"

गाठ साधी निघाली. सोमवारी वर्गात विचारलं, "समजलं का?" सगळ्या माना डोलल्या. मला हसू फुटलं. खडू उचलला आणि धडा पहिल्यापासून सुरू केला.